नाशिकच्या वायनरीत नेमकं काय चाखायचं?

नाशिकला पाहुणे आले की पूर्वी कार्यक्रम ठरलेला असायचा. सकाळी रामकुंड आणि काळाराम, दुपारी पांडवलेणी, दुसऱ्या दिवशी त्र्यंबक. आता या यादीत गंगापूर धरणाकडची एखादी वायनरी शिरली आहे. शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्या इतक्या असतात की स्थानिक माणूस तिकडे जायचं टाळतो.

आत गेल्यावर मात्र बऱ्याच जणांची पंचाईत होते. समोर पाच-सहा ग्लास येतात आणि प्रत्येकात जेमतेम दोन घोट असतात. गाइड सांगतो, "यात पेरू आहे, थोडी ढोबळी मिरचीही आहे." अर्धे लोक मान डोलावतात, उरलेले फोटो काढतात. बाहेर पडताना एखादे काका हमखास म्हणतात, "एवढे पैसे घेतले आणि ग्लास भरलासुद्धा नाही!"

ग्लास भरत नाहीत, कारण टेस्टिंगचे पैसे पिण्याचे नसतात. पाच वाइन शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक ओळखायचा, एवढ्यासाठीच हा खटाटोप असतो. आणि हा फरक येतो कुठून, ते कळायला बागेपासून सुरुवात करावी लागते. म्हणून माझा सल्ला असा की बाग आणि टाक्या दाखवणारी फेरी टाळून थेट टेबलावर बसू नका.

खायचं द्राक्ष वेगळं, वाइनचं वेगळं

बाजारात दिसणारी थॉमसन, सोनाका किंवा काळी शरद ही खायची द्राक्षं. त्यांच्याकडून आपल्याला काय हवं असतं? मोठा मणी, पातळ साल, बी नको, चावल्यावर कुरकुरीतपणा. त्यासाठी शेतकरी घडांची विरळणी करतो, मणी लांब आणि फुगीर व्हावा म्हणून घड संजीवकाच्या, म्हणजे वाढ घडवणाऱ्या संप्रेरकाच्या, द्रावणात बुडवतो. त्याला आपल्याकडे सरळ 'डिपिंग' म्हणतात.

वाइनच्या द्राक्षाकडून अपेक्षा बरोबर उलट्या. मणी लहान, साल जाड, आत बिया. रंग, बराचसा वास आणि तुरटपणा सालीत असतो, आणि मणी जितका लहान तितकं रसाच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त. साखरही जास्त लागते. साखर मोजायचं एकक म्हणजे ब्रिक्स, म्हणजे ढोबळमानाने शंभर ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर. खायचं द्राक्ष साधारण १८ ब्रिक्सच्या आसपास काढतात, वाइनचं २२ ते २४ पर्यंत पिकू देतात. त्यामुळे वाइनचं पिकलेलं द्राक्ष खायला बेचव लागेल हा समज खोटा आहे. ते चांगलंच गोड असतं, फक्त बिया आणि सालच तोंडात जास्त येते. गाइडला विचारून एखादा मणी खाऊन पाहा. विचारल्याशिवाय तोडू नका, फवारणी झालेली असू शकते.

नाशिकचं उलटं वेळापत्रक

फ्रान्स-इटलीत द्राक्षाचा वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपी जातो, वसंतात फुटतो, उन्हाळ्यात पिकतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढणी होते. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे वेलाला झोपवेल अशी थंडीच नाही. वेलाला मोकळं सोडलं तर तो वर्षभर पानं काढत बसेल, आणि त्याचा उन्हाळ्यात पिकणारा माल पावसात सापडेल.

म्हणून आपल्याकडे कात्री वेलाला ऋतू शिकवते. वर्षातून दोनदा छाटणी होते. काढणी संपली की साधारण एप्रिलमध्ये खरड छाटणी. त्यातून फुटलेल्या काड्या उन्हाळाभर तयार होतात आणि पुढच्या घडांची बीजं त्यांच्या डोळ्यांत, म्हणजे फुटव्याच्या कळ्यांत, याच काळात धरली जातात. मग पावसाळा ओसरता ओसरता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणी. त्यानंतर येणाऱ्या फुटीवर घड लागतात, ते थंडीत पोसतात आणि जानेवारी ते मार्च या काळात काढले जातात. छाटण्या दोन, पीक एकच.

यातला नाशिकचा फायदा रात्रीच्या गारव्यात आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच. 'निफाडचा पारा घसरला' ही बातमी दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतेच. खायच्या द्राक्षाच्या बागाईतदाराला ती थंडी नकोशी असते, तो पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो. वाइनवाल्याला मात्र माफक थंडी हवी असते. दिवसा उन्हात साखर तयार होते, आणि रात्र गार असेल तर फळातलं आम्ल टिकतं. उष्णतेत त्यातलं मॅलिक ॲसिड भराभर खर्ची पडतं. साखर भरपूर आणि आम्ल गेलेलं, अशा द्राक्षाची वाइन जड आणि मिळमिळीत लागते.

शर्यत इथेच आहे. डिसेंबर-जानेवारीत सगळं छान चालतं, पण फेब्रुवारीच्या मध्यापासून ऊन चढतं. साखर वर धावते, आम्ल खाली. काढणी चार दिवस लांबली तरी चव बदलते. घड शक्यतो पहाटे, फळ गार असतानाच काढतात ते याच कारणाने. त्यात अवकाळी पाऊस किंवा गारपीट आली तर डावणी आणि घडकुज हे रोग ठरलेलेच. बाटलीवर जे साल छापलेलं असतं, ज्याला व्हिंटेज म्हणतात, ते या काढणीचं साल. आपली काढणी वर्षाच्या सुरुवातीला होत असल्यामुळे त्याच सालाची नाशिकची वाइन फ्रान्सच्या वाइनपेक्षा निदान सहा महिन्यांनी थोरली असते.

टाकीत काय घडतं

हा भाग सोपा आहे. द्राक्ष चिरडलं, रसात यीस्ट घातलं, की यीस्ट साखर खातं आणि त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर संपली की एक टक्का अल्कोहोल बनतं. म्हणून ब्रिक्सचा आग्रह.

लाल आणि पांढऱ्या वाइनमधला मुख्य फरक सालीचा. बहुतेक काळ्या द्राक्षांचासुद्धा रस जवळजवळ बिनरंगाचाच असतो. साल लगेच वेगळी करून नुसता रस आंबवला की पांढरी वाइन. सालीसकट आंबवला की रंग आणि तुरटपणा रसात उतरतो, ती लाल. साल काही तासच ठेवून काढली की गुलाबी, म्हणजे रोझे. स्पार्कलिंगच्या चांगल्या प्रकारात आंबवणं दुसऱ्यांदा बंद बाटलीतच होतं, आणि कोंडला गेलेला वायू म्हणजे ते बुडबुडे.

यीस्टने जवळपास सगळी साखर संपवली की ती वाइन 'ड्राय'. पहिल्यांदा चाखणाऱ्यांची सगळ्यात मोठी निराशा इथे होते. द्राक्षाची आहे म्हणजे गोड असणार अशी खात्री असते आणि पहिला घोट आंबट लागतो. वाइन बिघडलेली नसते, तिच्यात साखर उरलेली नसते एवढंच.

टाक्या स्टीलच्या का, हेही फेरीत विचारा. त्यांच्या भिंतींतून गार द्रव खेळवलेला असतो. पांढरी वाइन साधारण १२ ते १८ अंशांत आंबवली तरच तिचे नाजूक वास टिकतात, आणि मार्चच्या नाशिकात ते तापमान राखायचं तर यंत्रच लागतं. लाकडी पिंपं दिसतात ती बहुधा ओकची. ओकमधून व्हॅनिलासारखा वास आणि थोडा तुरटपणा येतो. पिंप महाग असतं, त्यामुळे सगळ्या वाइन त्यात राहत नाहीत.

ग्लास हातात आल्यावर

ग्लास दांड्याला धरा. वाटीला धरला की हाताच्या उबेने वाइन तापते. ग्लास जरा तिरका करून रंग पाहा, मग हलकेच गोल फिरवा. फिरवल्याने वाइनचा हवेशी संपर्क वाढतो आणि वास वर येतो. काचेवरून ओघळणाऱ्या थेंबांकडे बोट दाखवून कुणी 'दर्जा बघा' म्हणालं तर ऐकून सोडून द्या. ते ओघळ मुख्यतः अल्कोहोलच्या बाष्पीभवनामुळे येतात.

मग नाक. चवीचं बहुतेक काम नाक करतं. जीभ गोड, आंबट, खारट, कडू अशा मोजक्याच गोष्टी ओळखते, बाकीचं सगळं घशामागून नाकात जाणाऱ्या वासावर चालतं. पटत नसेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या आणि घोट तोंडात असतानाच नाक सोडा. सर्दी झाली असेल तर टेस्टिंग पुढे ढकला. अत्तर लावून जाऊ नका, शेजारच्याचंही नुकसान होतं.

घोट छोटा घ्या, तोंडभर फिरवा आणि तीन गोष्टींकडे लक्ष द्या. गालांतून लाळ सुटली तर आम्ल चांगलं आहे. घशात ऊब जाणवली तर ते अल्कोहोल. आणि हिरड्या, जीभ कोरडी, खरखरीत झाल्यासारखी वाटली तर ते टॅनिन. साल, बिया आणि लाकूड यांच्यातून येणारा हा तुरट पदार्थ. फार वेळ उकळलेला कोरा चहा प्यायल्यावर तोंडाचं जे होतं, अगदी तेच. पांढऱ्या वाइनमध्ये तो नगण्य, लाल वाइनमध्ये भरपूर. म्हणूनच चाखण्याचा क्रम स्पार्कलिंग, पांढरी, रोझे, लाल आणि शेवटी गोड असा असतो. आधी लाल घेतली तर नंतरची पांढरी पाण्यासारखी लागते.

टेबलावर एक रिकामं भांडं असतं, थुंकण्यासाठी. आपल्याकडे ते वापरायला लोक लाजतात. वाइन बनवणारी माणसं दिवसभरात कितीतरी नमुने चाखतात, ती सगळी थुंकतात. पैसे दिलेत म्हणून गिळलंच पाहिजे असं नाही, आणि आवडली नाही ती वाइन त्यात ओतून द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

आता मिसळ. नाशिकला येऊन सकाळी मिसळ न खाता कुणी वायनरीत जाणार नाही हे मला माहीत आहे. पण तिखट आणि अल्कोहोल एकमेकांची जळजळ वाढवतात आणि टॅनिन त्यात भर घालतं. रश्श्याने जीभ पोळलेली असेल तर निदान तास-दोन तास जाऊ द्या. जेवणासोबतच घ्यायची असेल तर आपल्या तिखटाबरोबर थंडगार, किंचित गोडसर शेनाँ ब्लाँ ही पांढरी वाइन चालून जाते. कडक लाल वाइन आणि काळ्या मसाल्याचं मटण ही जोडी मेनूवर दिसते, पण मला ती अजून पटलेली नाही.

लाल वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात, त्यातली खोली थंड युरोपातली आहे. १६ ते १८ अंश, एवढाच त्याचा अर्थ. एप्रिलच्या नाशिकात लाल बाटलीसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी. पांढरी ८ ते १२ अंशांवर.

पेरू, मिरची, मिरी: हे ढोंग नाही का?

निम्मं ढोंग असतं, निम्मं रसायनशास्त्र. आधी रसायनशास्त्र. सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या जातीच्या वाइनमध्ये ढोबळी मिरचीचा वास येतो कारण पायराझिन गटातलं जे संयुग ढोबळी मिरचीत असतं तेच या द्राक्षातही असतं. शिराज या लाल वाइनमध्ये काळ्या मिरीचा वास येतो कारण रोटंडोन नावाचं संयुग दोन्हींत आहे. बाटलीत कुणी मिरची-मिरी घातलेली नसते. गाइड म्हणतो 'पेरू', त्याचंही असंच.

ढोंगाचा भागही खरा आहे. फ्रान्समधल्या बोर्दोत वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. हा प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. डोळा नाकाला फसवतो, आणि शिकलेल्यांनाही फसवतो. त्यामुळे गाइडला आला तो वास तुम्हाला नाही आला तर ओशाळू नका. पुस्तकातल्या गूसबेरीपेक्षा तुमच्या ओळखीचं जांभूळ, करवंद, कैरी, ओल्या गवताचा वास, जे आठवेल ते बोला. उलट गाइडने सांगण्याआधी आपलं मत ठरवून टाका. एकदा 'पेरू' कानावर पडला की सगळ्यांनाच पेरू येतो.

वाइन म्हणजे दारू नव्हेच ना?

हा वाद महाराष्ट्राने २०२२ मध्ये चवीचवीने घातला. त्या वर्षी २७ जानेवारीला राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या दुकानांत, सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. भरपूर विरोध झाला, मग हरकती-सूचना मागवल्या गेल्या आणि तो विषय तिथेच अडकला. 'वाइन दारू नाही' हे वाक्य तेव्हापासून लोकांच्या तोंडी बसलं आहे.

हिशेब करून पाहू. वाइनमध्ये अल्कोहोल साधारण १३ टक्के, आपल्याकडच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के. टेस्टिंगमध्ये प्रत्येकी ३० मिली याप्रमाणे सहा वाइन गिळल्या तर १८० मिली झाली. त्यात शुद्ध अल्कोहोल सुमारे २३ मिली. व्हिस्कीच्या ६० मिलीच्या लार्जमध्ये असतं जवळपास २६ मिली. म्हणजे 'नुसतं चाखलं' म्हणणाऱ्याच्या पोटात जवळजवळ एक लार्ज गेलेला असतो. व्हिस्की आणि वाइन दोन्हींच्या बाटल्यांवर आरोग्याचा वैधानिक इशारा एकच छापलेला असतो, तो उगाच नाही.

हृदयासाठी वाइन चांगली, ही समजूतही आता टिकलेली नाही. लाल वाइनमधल्या रेस्व्हेराट्रॉल नावाच्या ज्या घटकाचं कौतुक होतं ते तिच्यात अगदी नाममात्र असतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट म्हटलं की अल्कोहोलचं कुठलंच प्रमाण सुरक्षित मानता येत नाही. औषध म्हणून वाइन पिऊ नये. चव आवडते म्हणून घ्यायची तर थोडी घ्यावी, आणि न पिणाऱ्यांनी कुणाच्या आग्रहाखातर सुरू करू नये. बाग पाहायला न पिणारेही खुशाल येऊ शकतात. फेरी त्यांच्यासाठीही तितकीच रंजक असते.

शेतकऱ्याला यातून काय मिळतं?

नाशिकमध्ये हा धंदा उभा राहायला फार काळ लोटलेला नाही. राजीव सामंत यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात गंगापूर भागात सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनाँ ब्लाँची लागवड केली आणि २००० मध्ये त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन बाजारात आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं आणि वायनऱ्यांची रांग लागली.

वायनऱ्या थोडी द्राक्षं स्वतःच्या जमिनीवर घेतात, बरीचशी शेतकऱ्यांकडून कराराने. शेतकऱ्याचा फायदा असा की मण्याच्या दिसण्यावर खर्च करावा लागत नाही, डिपिंगची मजुरी वाचते आणि भाव आधी ठरतो. तोटा मोठा आहे. एकरी उत्पादन मुद्दाम कमी ठेवावं लागतं, आणि वायनरीने माल उचलला नाही तर दुसरं गिऱ्हाईक नाही. बिया असलेलं बारीक द्राक्ष पिंपळगावच्या बाजारात कोण घेणार? २००८ नंतरच्या मंदीत नेमकं हेच झालं. वायनऱ्या बंद पडल्या, माल पडून राहिला आणि अनेकांनी वाइनच्या बागा तोडून पुन्हा थॉमसन लावली. त्यामुळे 'वाइनमुळे शेतकऱ्याचं सोनं झालं' असं कुणी म्हणालं की मी सावध होतो. पर्यटनाचा उपयोग असा, की वायनरीच्या आवारात विकलेल्या बाटलीत मधल्या दलालांचा वाटा नसतो, आणि वायनरी तगली तर करार तगतो.

कधी, कुठे, कसं

जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा पहिला पंधरवडा हा जायचा काळ. वेलावर घड असतात, आत क्रशिंग, म्हणजे द्राक्षं चिरडणं, चालू असतं, आंबण्याचा वास दारातच येतो. पावसाळ्यात डोंगर देखणे दिसतात, पण वेलावर नुसती पानं असतात. प्रजासत्ताक दिनाला जोडून सुट्टी काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, २६ जानेवारी हा ड्राय डे. बाग दिसेल, ग्लास दिसणार नाही.

गंगापूर बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा जवळजवळ आहेत. इगतपुरी बाजूला, मुकणे धरणाच्या परिसरात, व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा. मुंबईहून येणाऱ्यांना हा टप्पा वाटेतच पडतो आणि गर्दीही कमी. दिवसात दोनच वायनऱ्या करा, तिसऱ्यापर्यंत जीभ थकते. आधी नोंदणी करून जा. २१ वर्षांखालच्यांना टेस्टिंग मिळत नाही.

गाडी चालवणाऱ्याने चाखायचं तर थुंकायचंच, आणि शक्यतो तेही टाळायचं. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. टॅक्सी स्वस्त पडते.

बाटली घरी नेताना

जुनी तेवढी चांगली, या भरवशावर बाटली कपाटात जपू नका. नाशिकची बहुतेक पांढरी वाइन वर्ष-दोन वर्षांत प्यायची असते. फिरकीचं झाकण म्हणजे स्वस्त माल, हेही खरं नाही. बुचातून येणारा कुबट वास त्याने टळतो.

बाटल्या घेऊन त्र्यंबकला जायचं असेल तर गाडी सावलीत लावा. मार्चच्या उन्हात बंद गाडीत तासाभरात वाइन शिजल्यासारखी होते, बूच वर सरकतं आणि काळजीपूर्वक निवडलेली बाटली जॅमसारखी लागते. आणि सापुताऱ्याकडून सुरत-वलसाडला परतणाऱ्या पाहुण्यांना आठवणीने सांगा, की बोरगावच्या पुढे सीमा ओलांडली की गुजरातची दारूबंदी लागू होते. तिथे वायनरीचं बिल दाखवून सुटका होत नाही. त्यांनी बाटलीऐवजी मनुके न्यावेत.